जुन्या लाव्ह्याचं मूळ गाव केमिस्ट्रीवरून कसं शोधायचं

लॅबमधून दगडातल्या एलिमेंट्सच्या आकड्यांची एक्सेल शीट आली की हात शिवशिवतात. नंबर उचलायचे, कुठल्यातरी तयार टेम्प्लेटमध्ये टाकायचे, ठिपके कुठल्या खान्यात पडले ते बघायचं, आयलंड आर्क (एक प्लेट दुसरीखाली जाते तिथली ज्वालामुखी बेटांची रांग) आलं की आयलंड आर्क लिहून मोकळं व्हायचं. मीपण हेच केलंय. माझ्या पहिल्या सेटमध्ये लॉग-लॉग ग्राफवर सगळे ठिपके एका तिरक्या रेषेत इतके सुंदर बसले की मी तो ग्राफ दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो, आणि मग एकाने सहज विचारलं, बाबा रे, निओबियमचा कॉलम एकदा बघितलास का? बघितला तर वरपासून खालपर्यंत २, २, २. म्हणजे ती मोजलेली व्हॅल्यू नव्हतीच, ती त्या मशीनची डिटेक्शन लिमिट होती, त्याखालचं मशीनला दिसतच नाही. थोरियमचंही जवळपास तसंच. आणि दोन्हीला मी यिटर्बियमने भागलं होतं. दोन स्थिर आकडे एकाच बदलत्या आकड्याने भागले की रेष येणारच ना, दगड कुठलाही असो.

तर हे सगळं क्रमाने कसं करायचं ते लिहितोय. जुने लाव्हा म्हणजे इथे मी असे दगड धरतोय ज्यांच्या आजूबाजूची तेव्हाची प्लेट्सची मांडणी आता शिल्लकच नाही, महासागर मिटलाय, ज्वालामुखीचा डोंगर झिजून गेलाय, आणि हातात उरलाय तो हिरवट पडलेला बेसॉल्ट.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सोपं जातं. केमिस्ट्री तुम्हाला जागा सांगत नाही. ती सांगते की मॅग्मा कशापासून बनला. मँटल, म्हणजे कवचाखालचा जाड थर, आधी वितळून किती पिळून निघालेलं होतं, त्यात खाली जाणाऱ्या प्लेटमधून काही मिसळलं होतं का, वितळणं किती खोलवर झालं, आणि वर येताना मॅग्म्याने वाटेतलं कवच किती खाल्लं. हे चार प्रश्न. "मध्यसागरी रिज" (प्लेट्स दूर सरकतात तिथली समुद्रातली डोंगररांग) किंवा "आर्क" हे उत्तर त्यानंतर आपण काढायचं असतं, आणि ते काढायला फील्डवरची माहिती लागतेच लागते.

हातोडा उचलण्याआधी

आउटक्रॉपवर (उघड्या पडलेल्या खडकावर) गेल्यावर पहिलं काम सॅम्पल घेणं नाही, आजूबाजूला काय आहे ते लिहिणं. पिलो लाव्हा (उशांसारखे गोळे) आहे म्हणजे पाण्याखाली ओतला गेला, पण पाणी महासागराचं होतं का उथळ तळ्याचं, हे पिलो सांगत नाही. दोन लाव्ह्यांच्या मध्ये चर्ट (सिलिकाचा गाळखडक) आहे, चुनखडक आहे, का ग्रॅनाइटचे गोटे असलेला काँग्लोमरेट आहे? ग्रॅनाइटचे गोटे दिसले तर जवळपास खंडाचं कवच होतं हे तिथेच कळलं, आणि मग पुढे कुठल्याही ग्राफने मध्यसागरी रिज म्हटलं तरी तुम्ही लगेच मान डोलावणार नाही. खाली शीटेड डाइक (मॅग्म्याच्या एकमेकींना चिकटलेल्या उभ्या भिंती) आणि गॅब्रो (खोलवर थिजलेला बेसॉल्टचाच मॅग्मा) सापडले तर गोष्ट वेगळी, तो महासागराच्या कवचाचा तुकडा असू शकतो. कोण कोणाच्या वर आहे हा क्रम तर न चुकता नोंदवा, का ते पुढे येईलच.

सॅम्पल घेताना पिलोच्या कडेची काचेसारखी साल बदललेली असेल तर सोडा, आतला बारीक दाण्याचा भाग घ्या. बुडबुड्यांच्या पोकळ्या कॅल्साइट, क्लोराइट किंवा झिओलाइटने भरलेल्या असतील तर तो तुकडा टाका. पिस्त्यासारखे हिरवे एपिडोटचे डाग, क्वार्ट्झच्या शिरा, गंजलेल्या भेगा, सगळं टाळा. मोठे क्रिस्टल खच्चून भरलेला लाव्हापण नको, कारण मग तुम्ही मॅग्मा मोजत नाही, तळाशी साचलेला गाळ मोजताय. आणि एका लाव्हा युनिटमधून एकच सॅम्पल आणून उपयोग नाही. दहा-पंधरा तरी हवेत, कमी मॅग्नेशियमवाल्यापासून जास्तवाल्यापर्यंत पसरलेले, कारण पुढची सगळ्यात महत्त्वाची टेस्ट ग्रुपवरच करता येते, एकट्या दगडावर नाही.

परत आल्यावर आधी थिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायची दगडाची पातळ चकती. पैसे वाचवायला लोक हे टाळतात आणि मग महागडं ॲनालिसिस अशा दगडावर करतात ज्यात अर्धं क्लोराइट आणि अर्धं कॅल्साइट असतं.

लॅबमध्ये काय सांगायचं, काय विचारायचं

दगड दळायला टंगस्टन कार्बाइडची मिल वापरली तर टंगस्टन आणि कोबाल्ट तर चढतातच, टँटलमही चढू शकतं. आणि टँटलम हे आपल्या कामाचं एलिमेंट आहे. अगेटची मिल मागा, वेळ जास्त लागतो पण पावडर स्वच्छ राहते.

दुसरं म्हणजे पद्धत. मेजर ऑक्साइडसाठी (सिलिका, ॲल्युमिनासारखे टक्क्यांत असणारे) एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मोजणं) छान आहे, पण आर्क किंवा रिजच्या बेसॉल्टमध्ये निओबियम एक-दोन पीपीएमच्या (दहा लाखांत एक-दोन भाग) आसपास असतं आणि थोरियम त्याहून कमी, तिथे एक्सआरएफ गळपटतं. आयसीपी-एमएस पाहिजे, ते मशीन याहून कितीतरी कमी आकडे मोजतं. आणि आयसीपी-एमएसला पावडर ॲसिडमध्ये विरघळवली असेल तर रायोलाइट-डेसाइटसारख्या (सिलिका जास्त असलेल्या लाव्ह्यांच्या) सॅम्पलमधलं झिरकॉन हे खनिज पूर्ण विरघळत नाही, मग झिरकोनियम आणि हाफ्नियम खोटं कमी येतं आणि तुम्ही त्या खड्ड्यावर अख्खी थिअरी रचता. असे दगड असतील तर लिथियम बोरेट फ्यूजन करून घ्या, म्हणजे पावडर त्याच्याबरोबर वितळवून.

सोबत ओळखीचे स्टँडर्ड दगड निनावी पाठवा. बीएचव्हीओ-२ हा हवाईचा बेसॉल्ट आहे, त्यात निओबियम साधारण १८ पीपीएम. तो चांगला आला म्हणून लगेच खूश होऊ नका, तुमच्या दगडात १ पीपीएम असेल तर बीआयआर-१ सारखा गरीब बेसॉल्ट टाकून बघा, त्यात निओबियम साधारण अर्धा पीपीएमच आहे. लॅब तिथे बरोबर उतरली तर विश्वास ठेवायचा. एक-दोन सॅम्पल दोनदा पाठवा, नावं बदलून.

शीट आल्यावर आधी झाडलोट

डिटेक्शन लिमिटच्या जवळच्या व्हॅल्यू लाल करा. लिमिटच्या खालची व्हॅल्यू म्हणून अर्धी लिमिट टाकायची सवय काहींना असते, निदान या कामात तरी ती नको.

मग लॉस ऑन इग्निशन (दगड तापवल्यावर उडून जाणाऱ्या पाणी-कार्बन डायऑक्साइडचं वजन) बघा. जुन्या पाण्याखालच्या लाव्ह्यात ३-४ टक्के सहज असतं, त्यात दगड लगेच बाद होत नाही, पण ८-१० टक्के आलं आणि थिन सेक्शनमध्ये कॅल्साइट भरपूर दिसत होतं तर तो सॅम्पल बाजूला. बाकीच्यांचे मेजर ऑक्साइड पाण्याशिवाय १०० टक्क्यांवर परत मोजा, नाहीतर दोन दगडांची तुलनाच होत नाही. ॲल्युमिना २० टक्क्यांच्या वर आणि रेअर अर्थच्या (लँथनम ते ल्युटेशियम या एलिमेंट्सच्या) ग्राफवर युरोपियमचा उंचवटा दिसला तर प्लॅजिओक्लेज हे खनिज साचलंय. मॅग्नेशियम, निकेल, क्रोमियम तिन्ही फार चढलेले आणि थिन सेक्शनमध्ये ऑलिव्हिनचे मोठे क्रिस्टल खचाखच असतील तर ऑलिव्हिन साचलंय. असे सॅम्पल डायग्रामवर टाकायचे नाहीत. पिअर्स आणि कॅन यांनी १९७३ मध्ये टायटॅनियम-झिरकोनियम-यिट्रियमचा तो प्रसिद्ध त्रिकोण (बेसॉल्ट कुठे बनला ते ओळखायचा ग्राफ) दिला तेव्हाही अट घातली होती की कॅल्शियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची बेरीज १२ ते २० टक्क्यांमध्ये असलेले बेसॉल्टच घ्या. त्रिकोण सगळ्यांनी उचलला, अट मात्र फारशी कोणी बघत नाही, आणि अँडेसाइट काय, डेसाइट काय, सगळं त्यात ओततात.

कोण हललं, कोण जागेवर राहिलं

हा या सगळ्याचा गाभा आहे म्हणून जरा थांबतो इथे.

जुना लाव्हा म्हणजे गरम पाण्यात मुरलेला, मग मेटामॉर्फिझममध्ये, म्हणजे जमिनीखालच्या उष्णता आणि दाबात, भाजलेला दगड. त्यातलं पोटॅशियम, सोडियम, रुबिडियम, बेरियम, सिझियम, बऱ्याचदा स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमही, पाण्याबरोबर आलं आणि गेलं. याउलट टायटॅनियम, झिरकोनियम, हाफ्नियम, निओबियम, टँटलम, यिट्रियम, जड रेअर अर्थ (यिटर्बियमसारखे), बहुतेक वेळा थोरियम, स्कँडियम, व्हॅनेडियम, क्रोमियम हे साधारण जागेवर राहतात. साधारण म्हटलं, नेहमी नाही. कार्बोनेट भरपूर असलेल्या पाण्यात किंवा सल्फाइडच्या खाणीजवळ यांच्यातलेही काही हलतात, हलके रेअर अर्थ (लँथनमसारखे) तर बऱ्याचदा.

सायप्रसच्या ट्रूडोस ऑफिओलाइटची गोष्ट यासाठी मला फार आवडते. हा साधारण ९.२ कोटी वर्षं जुना, वर उचलला गेलेला समुद्रतळ. तेव्हा सगळे म्हणत होते की ऑफिओलाइट म्हणजे मध्यसागरी रिजचा तुकडा. १९७३ मध्येच भूवैज्ञानिक मियाशिरो यांनी सिलिका, लोह, मॅग्नेशियम असे मेजर आकडे बघून म्हटलं की नाही, हा बहुधा आयलंड आर्कमध्ये बनलाय. जोरदार विरोध झाला, आणि विरोधकांचा एक मुद्दा अगदी रास्त होता: दगड इतका बदललेला आहे की सिलिका आणि अल्कलीवर (सोडियम-पोटॅशियमवर) भरवसा कसा ठेवणार? पुढे न हलणारी एलिमेंट्स आणि तिथे टिकून राहिलेली ताजी ज्वालामुखी काच तपासली गेली, आणि सबडक्शनचा (एक प्लेट दुसरीखाली जाण्याचा) ठसा खरंच निघाला. म्हणजे मियाशिरो यांचं उत्तर टिकलं, पण ते टिकलं न हलणाऱ्या एलिमेंट्समुळे.

आता तुमच्या दगडात कोण हललं ते तुम्हीच तपासायचं, पाठ केलेल्या यादीवर जायचं नाही. आडव्या अक्षावर झिरकोनियम घ्या. उभ्या अक्षावर एकेक एलिमेंट टाकत जा, एकाच लाव्हा युनिटचे सॅम्पल घेऊन. एकाच मॅग्म्यातून क्रिस्टल बाहेर पडत गेले असतील तर झिरकोनियम वाढतं तसं निओबियम, लँथनम, थोरियमही एका नीट रेषेत वाढायला हवं. रेष आली तर ते एलिमेंट ठेवा. ठिपके ढगासारखे पसरले तर सोडून द्या. बेरियम आणि रुबिडियम टाकून बघा एकदा, ढग कसा दिसतो ते लगेच कळेल. एक सूचना, वेगवेगळ्या युनिटचे सॅम्पल एकत्र करून ही टेस्ट करू नका, दोन वेगळे मॅग्मे असतील तर तोही ढगच दिसतो आणि तुम्ही चांगलं एलिमेंट फेकून द्याल.

दगडाचं नाव

सिलिका विरुद्ध सोडियम-पोटॅशियमचा टीएएस डायग्राम ताज्या लाव्ह्यासाठी आहे. जुन्यासाठी विंचेस्टर आणि फ्लॉइड यांनी १९७७ मध्ये दिलेला झिरकोनियम/टायटॅनियम विरुद्ध निओबियम/यिट्रियम वापरा. पहिला रेशो सिलिकाचं काम करतो, दुसरा अल्कलीचं. निओबियम/यिट्रियम साधारण ०.७ च्या वर गेला की लाव्हा अल्कलाइन बाजूला. बेसॉल्ट कोणते ते इथे ठरलं, पुढे फक्त तेच.

स्पायडर डायग्राम डोळ्याने वाचायचा

एलिमेंट्स प्रिमिटिव्ह मँटलच्या (अजून काहीच पिळून न निघालेल्या, सुरुवातीच्या मँटलच्या) आकड्यांनी भागून ओळीने मांडायची. सन आणि मॅकडोनफ यांचे १९८९ चे आकडे जवळपास सगळेच वापरतात, तुम्हीपण तेच वापरा म्हणजे तुलना सोपी. हललेली एलिमेंट्स ग्राफमधून काढूनच टाका, नुसता नजरेचा गोंधळ होतो.

मध्यसागरी रिजचा साधा बेसॉल्ट डावीकडे उतरलेला असतो, म्हणजे थोरियम, निओबियम, लँथनम कमी, कारण त्याचं मँटल आधीच एकदा वितळून त्यातला रस निघून गेलाय, चोथा उरलाय. सागरी बेटाचा बेसॉल्ट डावीकडे चढलेला, निओबियमवर फुगलेला. आर्कच्या बेसॉल्टमध्ये थोरियम आणि लँथनम वर आणि त्यांच्या मध्ये निओबियमचा खोल खड्डा, टायटॅनियमचाही छोटा.

हा खड्डा का पडतो? खाली जाणाऱ्या प्लेटमधून, खास करून तिच्यावरच्या गाळातून, जे पाणी आणि वितळलेला रस वर मँटलमध्ये शिरतो त्यात थोरियम आणि हलके रेअर अर्थ भरपूर येतात पण निओबियम-टँटलम फारसे येत नाहीत, खालच्या प्लेटमधल्या रुटाइलसारख्या टायटॅनियमच्या खनिजांनी त्यांना धरून ठेवलेलं असतं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. म्हणजे निओबियम कमी झालेलं नसतं, बाकीचे वाढलेले असतात. हा फरक हिशोबात कामी येतो, बघा आता.

एक सॅम्पल घेऊन हिशोब

समजा एक बेसॉल्ट आहे: टायटॅनियम ऑक्साइड ०.७५ टक्के, व्हॅनेडियम ३०० पीपीएम, झिरकोनियम ४५, यिट्रियम २०, निओबियम १.२, थोरियम ०.६, लँथनम ४, यिटर्बियम २.१. हे आकडे मी उदाहरणासाठी बनवलेत, पण असे दगड मिळतात.

आधी थोरियम/निओबियम. ०.६ भागिले १.२ म्हणजे ०.५. सन-मॅकडोनफच्या सरासरी रिज बेसॉल्टमध्ये थोरियम ०.१२ आणि निओबियम २.३३, म्हणजे ०.०५. सागरी बेटाच्या बेसॉल्टमध्ये ४ आणि ४८, म्हणजे ०.०८. आपला दगड दोघांच्या कितीतरी वर. पिअर्स यांच्या २००८ च्या डायग्राममध्ये आडवा निओबियम/यिटर्बियम आणि उभा थोरियम/यिटर्बियम असतो, रिजपासून बेटापर्यंतचे बेसॉल्ट त्यात एका तिरक्या पट्ट्यात बसतात. आपला ठिपका ०.५७ आणि ०.२९ वर, पट्ट्यापासून जवळजवळ दहापट वर. यिटर्बियमने भागलं की क्रिस्टल निघून जाण्याचा परिणाम बराचसा कटतो, म्हणून ते करायचं.

निओबियमचा खड्डा आकड्यात: प्रिमिटिव्ह मँटलमध्ये निओबियम ०.७१३, थोरियम ०.०८५, लँथनम ०.६८७. भागून येतं १.६८, ७.०६ आणि ५.८२. थोरियम-लँथनमच्या गुणाकाराचं वर्गमूळ ६.४. १.६८ भागिले ६.४ म्हणजे ०.२६. खड्डा नसता तर १ च्या आसपास आलं असतं.

पण थांबा, हाच खड्डा खंडाच्या कवचातही असतो. वरच्या कवचात थोरियम साधारण १०.५ आणि निओबियम १२. मग साध्या रिजसारख्या मॅग्म्याने वाटेत कवच खाल्लं असेल तर? करून बघू. १० टक्के कवच मिसळलं तर थोरियम १.१६ आणि निओबियम ३.३, रेशो ०.३५. पुरत नाही. ०.५ गाठायला साधारण २० टक्के लागतं, तेव्हा थोरियम २.२ आणि निओबियम ४.३ होतं. आणि आपल्या दगडात थोरियम ०.६ आणि निओबियम १.२ आहे, म्हणजे निओबियम रिज बेसॉल्टच्याही खाली. कवच खाल्ल्याने निओबियम वाढतं, कमी कुठून होणार? झिरकोनियमचंही तेच, कवचात ते १९० च्या आसपास आहे आणि आपल्याकडे जेमतेम ४५. म्हणून या दगडासाठी कवच खाल्ल्याची थिअरी मागे पडते, आणि आधीच पिळलेल्या मँटलमध्ये सबडक्शनचा रस मिसळला ही पुढे येते. रेशोसोबत मूळ पीपीएम बघायची सवय ठेवा म्हणतो ती यासाठी.

टायटॅनियम/व्हॅनेडियम बघायचं तर टायटॅनियम ऑक्साइडचे टक्के गुणिले ५९९५ केलं की टायटॅनियम पीपीएममध्ये. आपलं ४४९६, भागिले ३०० म्हणजे १५. शर्वेस यांच्या १९८२ च्या ग्राफप्रमाणे १० ते २० आर्कचे थोलिआइट (अल्कली कमी असलेले बेसॉल्ट), २० ते ५० रिज आणि बॅकआर्क (आर्कच्या मागचं खोरं), ५० च्या वर अल्कलाइन. कारण असं की पाणी आणि ऑक्सिजन जास्त असलेल्या मॅग्म्यात व्हॅनेडियम क्रिस्टलमध्ये न शिरता रसात राहतं, वर मँटल पिळलेलं असल्याने टायटॅनियम आधीच कमी. मॅग्नेटाइट बाहेर पडायला लागलं की मात्र ते व्हॅनेडियम ओढून घेतं, मग हा ग्राफ बंद करा. १० च्या खाली आलं तर बोनिनाइट (फार पिळलेल्या मँटलमधून सबडक्शनजवळ येणारा लाव्हा) तर नाही ना ते तपासा: सिलिका ५२ च्या वर, मॅग्नेशियम ऑक्साइड ८ च्या वर, टायटॅनियम ऑक्साइड ०.५ च्या खाली.

खोलीसाठी टायटॅनियम ऑक्साइड/यिटर्बियम. ७०-८० किलोमीटरच्या खाली मँटलमध्ये गार्नेट असतं आणि ते यिटर्बियम घट्ट धरून ठेवतं, म्हणून तिथून आलेल्या लाव्ह्यात हा रेशो चढतो. रिजला साधारण ०.४, सागरी बेटाला १.३. आपला ०.३६. उथळ.

जिथे भले भले घसरतात

खंडावर ओतलेला बेसॉल्ट हा सगळ्यात मोठा चकवा. दख्खनचे लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, तिथे सबडक्शन नव्हतं हे सगळ्यांना माहितीये, तरी बुशे फॉर्मेशनचे (दख्खनमधल्या लाव्हा थरांच्या एका गटाचे) लाव्हा घेतले तर टायटॅनियम कमी, सिलिका जरा जास्त, थोरियम चढलेलं, निओबियमचा खड्डा. वय आणि जागा न सांगता कोणाला दिले तर आर्क म्हणून मोकळा होईल. त्यांनी कवच खाल्लंय, सुरुवातीचा स्ट्रॉन्शियम आयसोटोपचा रेशो (८७/८६, जुन्या खंडाच्या कवचात तो जास्त असतो) ०.७१ च्या वर जातो. वरच्या आंबेनळी फॉर्मेशनमध्ये तो साधारण ०.७०४ आहे, ते लाव्हा बरेच स्वच्छ. म्हणून खंडावरचा सेट असेल तर युनिटमधला सगळ्यात स्वच्छ सॅम्पल शोधून त्यावरून बोला. शोधायचं कसं? सिलिका किंवा मॅग्नेशियमविरुद्ध थोरियम/निओबियम टाका. सिलिका वाढते तसा रेशो चढत गेला तर कवच खात खात मॅग्मा वर आलाय. सपाट राहिला तर तो रेशो मुळातूनच आलाय, अर्थात मुळात म्हणजे जुन्या सबडक्शनने आधीच खराब करून ठेवलेलं खंडाखालचं मँटलही असू शकतं, म्हणजे लाव्हा ओतला तेव्हा सबडक्शन चालूच होतं असं नाही.

आयसोटोप मोजणं परवडत असेल तर निओडिमियम करा, कारण समॅरियम (ज्यापासून निओडिमियमचा एक आयसोटोप बनत जातो) आणि निओडिमियम दोन्ही सहसा जागेवर राहतात. स्ट्रॉन्शियम जुन्या पाण्याखालच्या लाव्ह्यात समुद्राच्या पाण्याने बिघडवलेलं असतं, ते वापरायचं तर नुसत्या दगडावर नको, ताजं क्लिनोपायरॉक्सिन हे खनिज वेचून त्यावर करा. वय घालून सुरुवातीची व्हॅल्यू काढायला विसरू नका, हे विसरलेलेपण बघितलेत.

दुसरा चकवा क्रमाचा. ओमानच्या समाइल ऑफिओलाइटमध्ये खालचे लाव्हा रिजसारखे आणि वरचे आर्कसारखे. फक्त खालचे घेतले तर एक उत्तर, फक्त वरचे घेतले तर दुसरं. पॅसिफिकमधल्या इझू-बोनिन-मारियाना आर्कच्या समोरच्या भागातही तेच दिसलं: सबडक्शन सुरू झालं तेव्हा, साधारण ५.२ कोटी वर्षांपूर्वी, आधी जवळपास रिजसारखे बेसॉल्ट ओतले गेले आणि मग बोनिनाइट. म्हणजे एकटा रिजसारखा बेसॉल्ट हातात आला तर तो रिजचाही असू शकतो आणि नुकत्याच सुरू झालेल्या सबडक्शनचाही. फरक कळतो तो वर काय आहे त्यावरून. म्हणून सुरुवातीला क्रम नोंदवा म्हटलं होतं.

तिसरा, आणि मला वाटतं यावर सगळ्यात जास्त सांभाळून बोलावं, आर्कियन (साधारण ४०० ते २५० कोटी वर्षांपूर्वीचा काळ). दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटनचे ३५० ते ३२० कोटी वर्षांचे लाव्हा किंवा ग्रीनलंडमधल्या इसुआचे ३७० कोटींचे. तेव्हा मँटल आतापेक्षा बरंच गरम होतं, कोमाटिआइटसारखे १८ टक्क्यांच्या वर मॅग्नेशियम ऑक्साइड असलेले लाव्हा ओतले जात होते, आज तसे ओतले जात नाहीत. सगळे डायग्राम आजच्या समुद्रांवरून आणि आर्कवरून बनवलेत, तिथले खाने तसेच्या तसे त्या काळावर लावायचे हे मला पटत नाही. तिथे "थोरियम-निओबियम असं असं आहे, कवच मिसळून इतकं समजावता येतं, उरलेलं येत नाही" इथपर्यंत बोलावं. प्लेट टेक्टॉनिक्स कधी सुरू झालं हा वाद अजून चालूच आहे, आपल्या बारा ठिपक्यांनी तो मिटणार नाही.

लिहिताना

एकाच डायग्रामवर निकाल नको. निदान तीन घ्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या एलिमेंट्सवर उभे असलेले, नाहीतर एकाच निओबियमचे तीन फोटो लावल्यासारखं होतं. ते भांडले तर लपवू नका, भांडणाचं कारण शोधा, बऱ्याचदा एखादा साचलेला सॅम्पल किंवा लिमिटजवळचा आकडा निघतो. ग्रुपमधले वीसपैकी सतरा ठिपके एका खान्यात आणि तीन बाहेर असतील तर त्या तिघांचे थिन सेक्शन परत काढून बघा.

निष्कर्ष दोन वाक्यांत तोडा. पहिलं वाक्य केमिस्ट्रीचं: "हे बेसॉल्ट रिजपेक्षाही पिळलेल्या मँटलमधून, उथळ वितळून, सबडक्शनचा रस मिसळून बनले." दुसरं जागेचं: "वरचे बोनिनाइट, खालचे शीटेड डाइक आणि मधला चर्ट बघता आर्कच्या समोरचा भाग जास्त शक्य वाटतो." पुढे कोणी नवीन नकाशा काढून दुसरं वाक्य खोडलं तरी पहिलं शाबूत राहतं.

सगळा कच्चा डेटा, स्टँडर्डच्या व्हॅल्यूसकट, तक्त्यात द्या, गाळलेले सॅम्पलही द्या आणि का गाळले तेही. आणि उरलेली पावडर फेकू नका, डबीवर नंबर टाकून ठेवा, कारण रिव्ह्यूमध्ये कोणीतरी निओडिमियम मागतोच.